कमर धरली म्हणून अंथरूण धरू नका

उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं दुखऱ्या पाठीला पाय लावला किंवा हलकी लाथ मारली की उसण उतरते, असा समज. आणि बऱ्याच जणांची उसण त्यानंतर दोन-चार दिवसांत खरोखर उतरायची. ती उतरणारच असते. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. अचानक कमर धरलेल्या या रुग्णांपैकी काहींना पॅरासिटामॉल दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पॅरासिटामॉल घेणाऱ्या निम्म्या लोकांना बरं वाटायला १७ दिवस लागले, नुसती गोळी घेणाऱ्यांना १६. सगळ्यांना एक गोष्ट मात्र सारखी मिळाली होती: घाबरू नका, पडून राहू नका, जमेल तेवढे हिंडतेफिरते राहा, हा सल्ला.

कमरदुखीबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्र जे शिकलं, त्यातला मोठा भाग या एका चाचणीत सापडतो. दुखणं जोराचं असतं, पण बहुतेक वेळा ते शरीर मोडल्याची खूण नसतं. दर दहांतल्या नऊ जणांच्या कमरदुखीला एखादा मणका, दोन मणक्यांमधली एखादी चकती (डिस्क) किंवा एखादी नस असं बोट ठेवून दाखवता येण्यासारखं कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, झोप, काळजी, कामाची पद्धत असं सगळं मिळून ती कमर दुखत असते. उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत मात्र कारण असतं, आणि तिथे उशीर महागात पडतो. हे दोन गट वेगळे करता येणं, हीच घरातल्या प्रत्येकाला उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

रोज लोकलनं लांब जाणाऱ्यांच्या आंबिवलीत तर नक्कीच. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. शेजारच्या मोहोन्यात एनआरसीचा रेयॉनचा कारखाना होता, तेव्हा इथल्या कितीतरी घरांचं काम हाकेच्या अंतरावर होतं. २००९ साली तो बंद पडला. आता इथला नोकरदार सकाळी लोकल धरतो आणि ठाणे, दादर किंवा थेट सीएसएमटीपर्यंत जातो. जाताना तास-दीड तास आणि येताना तेवढाच, बहुतेक वेळ उभ्यानं.

बसायला मिळालं तरी ती चौथी सीट असते. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो तेव्हा त्याच्या एकाच कुल्ल्याला आधार मिळतो. दुसरा पाय मधल्या वाटेत ताठ रोवलेला, कमरेतून धड आतल्या बाजूला वळलेलं, मांडीवर सॅक, आणि गाडीच्या प्रत्येक ब्रेकला पुन्हा तोल सावरणं. पाठीचे एका बाजूचे स्नायू या बैठकीत सतत आवळलेले राहतात. एक दिवस असं बसल्यानं काही बिघडत नाही. पण रोज त्याच डब्यात, त्याच गटाबरोबर, त्याच बाजूच्या बाकड्यावर बसणाऱ्याची रोज तीच बाजू ताणली जाते. अशा प्रवाशानं करायची गोष्ट साधी आहे: जाताना डाव्या बाकड्याची चौथी सीट घेतली असेल तर येताना उजव्या बाकड्याची घ्यावी. कल्याणपर्यंत बसलं असेल तर पुढे उभं राहावं. उभं राहताना दोन पायांत अंतर ठेवावं आणि दर काही स्थानकांनी भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा. सॅक रॅकवर टाकावी. मागच्या खिशातलं जाड पाकीटही बसण्याआधी काढून पुढच्या खिशात ठेवावं, कारण कुल्ल्यातून पायाकडे जाणारी सायटिक नस त्याखाली दबली की पायात कळा आणि मुंग्या येऊ शकतात. कमरेचं दुखणं समजून महिनोन्‌महिने औषधं घेणाऱ्याचा त्रास कधी कधी या पाकिटाबरोबर जातो.

आता आधी ती लक्षणं, ज्यांच्यात वाट पाहायची नसते.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं. कमरदुखीबरोबर यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेला तर शस्त्रक्रिया तासांच्या हिशोबानं करावी लागते. उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो. पाऊल वर उचलता न येणं, चालताना पुढचा पंजा जमिनीला घासणं, हेही लवकर दाखवण्याचं लक्षण.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. टीबी म्हणजे खोकला, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण हाडांचा टीबी सगळ्यात जास्त मणक्यात होतो. इंग्लंडमधल्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदानं १७७९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्याला पॉट्स स्पाइन म्हणतात. यात खोकला नसूही शकतो. आठवड्यामागून आठवडे न हटणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळी अंगात बारीक ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं असा त्रास असेल तर मालिश आणि पट्टे बाजूला ठेवून तपासणी करावी. बऱ्याचदा दुखणं कमरेच्या थोडं वर, पाठीच्या मधल्या भागात असतं. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात या रोगाची तपासणी आणि औषधं सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत मोफत मिळतात. मणक्याच्या टीबीत ती वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात. वेळेत सुरू केली तर पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. उशीर झाला तर मणका खचतो, कुबड येतं, पाय लुळे पडू शकतात. कल्याण-डोंबिवलीसारख्या दाटीवाटीच्या भागात हा विचार डॉक्टरांच्याच नव्हे, घरच्यांच्याही मनात यायला हवा.

तिसरं दुखणं तरुणांचं. विशी-तिशीतला मुलगा सकाळी उठतो तेव्हा कमर लाकडासारखी आखडलेली असते, सैल व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो, आणि हालचाल केली की बरं वाटतं, विश्रांतीनं उलट वाढतं. पहाटे दोन-तीनला दुखण्यानं जागही येते. हे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतं, मणक्यांना एकमेकांशी जखडणारा संधिवात. घरचे त्याला आळशी म्हणत राहतात आणि निदानाला वर्षं जातात. असा त्रास तीन महिन्यांच्या वर चालला तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं, कारण यावर आज चांगली औषधं आहेत. मुलींनाही हा आजार होतो आणि त्यांच्या बाबतीत तो आणखी उशिरा ओळखला जातो.

याखेरीज पडल्या-आपटल्यानंतरची पाठदुखी, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची पाठदुखी, बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्याची पाठदुखी आणि साठी-सत्तरीच्या बाईला बादली उचलताना अचानक आलेली कळ, यांतही तपासणी लांबवू नये. ठिसूळ हाडाचा मणका शिंकेनंही दबतो. कुशीतून जांघेकडे लाटा येत जाणारी कळ मुतखड्याची असू शकते. एकाच बाजूला पट्ट्यात आग होऊन दोन दिवसांनी पुरळ उठलं तर ती नागीण.

एवढं नसेल, तर घाईनं एमआरआय करायची गरज नाही. हे वाक्य रुग्णाला पटत नाही. फोटो काढल्याशिवाय कळणार कसं, असं त्याला वाटतं. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की सरकलेली चकती नसेवर दाब आणून पायात कळा आणते. शोध खरा होता आणि मोठा होता. पण पुढची कित्येक दशकं प्रत्येक कमरदुखीचा ठपका चकतीवर ठेवला गेला. मग एमआरआय आला आणि न दुखणाऱ्या लोकांच्या चकत्याही दिसू लागल्या. १९९४ साली अमेरिकेत कमरदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या चकत्या सरळ, निर्दोष असलेले निघाले फक्त ३६ टक्के. ५२ टक्क्यांची एखादी तरी चकती फुगलेली होती, २७ टक्क्यांची बाहेर आलेली होती, आणि कुणालाच काही दुखत नव्हतं. केस पिकतात तशा चकत्याही वयानं सुकतात.

त्यामुळे अहवालात डिस्क बल्ज, डिजनरेशन, गॅप कमी झाली असं लिहून आलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. ते दुखणं पायात जिथे जातं, तिथली ताकद आणि बधिरपणा यांचा त्या अहवालाशी मेळ बसतो का, हे हातानं तपासणारा डॉक्टर पाहतो. ‘तुमच्या मणक्यात गॅप आली आहे’ हे वाक्य ऐकलेला माणूस मात्र त्या दिवसापासून वाकायला घाबरतो, नातवाला उचलत नाही, लग्नात पंगतीला बसत नाही. त्या भीतीनं स्नायू आणखी आखडतात. भीती हा कमरदुखी लांबवणारा खराखुरा घटक आहे, हे आता अनेक अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. सायटिका, म्हणजे कमरेतून पायाच्या पंजापर्यंत जाणारी कळ, सहा आठवडे उपचार करूनही उतरत नसेल, किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तेव्हा एमआरआयचा खरा उपयोग होतो.

मग पहिले काही दिवस काय करायचं?

अंथरूण धरायचं नाही, हे सगळ्यात आधी. १९८६ साली रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोनशेवर रुग्णांची चाचणी केली. एका गटाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि दुखण्यात फरक काहीच नव्हता. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर आणखी पुढचा प्रयोग झाला. कमर धरलेल्या काहींना दोन दिवस अंथरूण, काहींना व्यायाम आणि काहींना नुसतं ‘दुखणं सोसवेल तितकी नेहमीची कामं करत राहा’ असं सांगितलं. सगळ्यात लवकर सावरले ते हे तिसरे. अगदी उठवत नसेल तर एखादा दिवस आडवं व्हावं, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घ्यावी, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली. पण दर तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारायच्याच.

शेक घ्यायला हरकत नाही. मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा, ज्याच्या घरी जे चालत आलं आहे ते. शेकानं स्नायू सैल होतात आणि हिंडणं सोपं होतं, एवढ्यासाठी तो घ्यायचा. मधुमेह्यांनी मात्र पायाला शेक देताना जपावं, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी ठणका कमी होतो, पण त्या मेडिकलच्या काउंटरवरून उचलून महिनाभर खायच्या गोळ्या नव्हेत. मूत्रपिंडाचा, हृदयाचा, जठरातल्या व्रणाचा त्रास असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून. नाव न सांगता पुडीत बांधून दिलेल्या ‘दुखण्याच्या’ गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं, त्या घेऊच नयेत.

कमरेतून पायात कळ जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट विशेष कामाची आहे, आणि ती एका योगायोगातून हाती आली. न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे १९५६ साली एक रुग्ण येत होता. कमरेतून गुडघ्यापर्यंत कळ, कित्येक दिवस उपचार करूनही फरक नाही. एके दिवशी मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू वर उचललेली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते पाच मिनिटांनी आत आले तेव्हा तो माणूस पालथा, पाठ मागे कमानीसारखी वाकलेली, अशा अवस्थेत पडलेला. त्या काळात ही स्थिती धोक्याची मानली जाई. मॅकेन्झी घाबरले. रुग्ण म्हणाला, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच बरं वाटतंय, पायातली कळ गेली.

त्यातून जी पद्धत उभी राहिली ती घरी अशी करून पाहता येते. चटईवर पालथं झोपायचं, हात अंगाजवळ, दोन-तीन मिनिटं शांत श्वास. मग कोपरांवर टेकून छाती उचलायची, कंबर जमिनीवर सैल सोडायची, पुन्हा दोन मिनिटं. हे सोसलं तर तळहात टेकून हळूहळू वर, जेवढं जमेल तेवढंच, आणि लगेच खाली. आठ-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. भुजंगासन ठाऊक असणाऱ्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. फक्त इथे पाठीचे स्नायू आवळायचे नाहीत, हातांनी उचलायचं. करताना लक्ष दुखण्याच्या जोराकडे नव्हे, तर जागेकडे ठेवायचं. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर, कमरेत थोडं जास्त दुखलं तरी, रोख बरोबर आहे. कळ खाली पायाकडे उतरत असेल तर तिथेच थांबायचं.

काही वयस्कर माणसांत नेमकं उलटं दिसतं. पाच-दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात. खाली बसलं किंवा कठड्यावर पुढे वाकलं की सुटका होते. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याचं हे लक्षण असतं. अशांनी पाठ मागे वाकवणारे व्यायाम करू नयेत. त्यांना पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घेणं मानवतं. शेजाऱ्याला भुजंगासनानं बरं वाटलं म्हणून आजोबांनाही तेच करायला लावलं, तर आजोबांचा त्रास वाढतो.

आता सकाळी पाणी भरण्याच्या कामाकडे. चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. आजूबाजूच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर त्या जगतात. रात्री आडवं झाल्यावर त्या पाणी ओढून फुगतात. सकाळी माणसाची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं जास्त भरते ती यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. अमेरिकेत स्टोव्हर स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली जुनाट कमरदुखीच्या रुग्णांना एवढंच शिकवलं, की उठल्यानंतरचे पहिले काही तास कमरेतून वाकणं टाळा. त्यांचं दुखणं कमी झालं. आपल्याकडे ज्या घरांत पाणी पहाटे येतं, तिथे बाई अंथरुणातून उठते ती थेट वाकून हंडा भरायलाच. त्यानंतर झाडू, मग पोछा, मग वाकून मुलाचे बूट. दिवसातली सगळी वाकण्याची कामं त्या वेळेत कोंबलेली असतात, जेव्हा चकती त्यासाठी सगळ्यात कमी तयार असते.

नळाला पाइप जोडून पिंप भरता येत असेल तर हंडे उचलायलाच नकोत. उचलायचंच असेल तर अर्धी बादली, अंगाला चिकटवून, गुडघ्यातून वाकून. उचलता उचलता वळायचं नाही, पाय फिरवून वळायचं. झाडू लांब दांड्याचा घ्यावा आणि झाडलोट न्याहारीनंतर करावी. ओट्याशी बराच वेळ उभं राहावं लागत असेल तर एक पाय लाकडी पाटावर ठेवावा आणि थोड्या वेळानं पाय बदलावा, कमरेची कमान सैल होते. आणि पाणी भरणं हे घरातल्या धडधाकट पुरुषाचंही काम आहे. ज्या घरात बाईची कमर दुखते आणि पाणी तीच भरते, त्या घरात फिजिओथेरपीवर खर्च करण्याआधी ही वाटणी बदलावी.

बायकांच्या कमरदुखीबद्दल एक समज तर घट्ट बसलेला आहे: सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन जन्मभर कमर दुखवतं. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, हे खरं. पण कळा सुसह्य होण्यासाठी पाठीत भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना झाली, तेव्हा पुढे कमरदुखी राहण्याचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच निघालं. दुखण्याची खरी कारणं दुसरीकडे असतात. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणून ढिले पडलेले पोटाचे स्नायू, अपुरी झोप, आणि दिवसातून कितीदा तरी मान-पाठ वाकवून बाळाला पाजणं. बाळाखाली उशी घेऊन बाळाला छातीशी आणावं, छाती बाळाकडे नेऊ नये. पाठीला भिंतीचा आधार घ्यावा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पोटाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकून घ्यावेत. इंजेक्शनला दोष देत बसलं की हे सगळं राहून जातं.

फळीवर झोपण्याचा सल्लाही असाच जुना. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना कडक आणि मध्यम कडक गाद्या देऊन पाहिलं. २००३ साली आलेले निष्कर्ष मध्यम कडक गादीच्या बाजूनं होते. जमिनीवरच्या सतरंजीवर छान झोप लागते त्यानं ती बदलू नये, पण कमर दुखते म्हणून कापसाची गादी काढून टाकायची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कमरदुखी होती. संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांहून जुन्या, ठोस कारण न सापडणाऱ्या कमरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मालिश आणि कुशल हातांनी केलेले मणक्यांचे उपचार, मनावरचा ताण हाताळणारी मदत यांची शिफारस आहे. मिरचीच्या अर्काचं मलमही आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि विजेच्या मुंग्या देणारं यंत्र यांची मात्र सरसकट शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. दहा-पंधरा बैठकांचं यंत्रांचं पॅकेज विकत घेण्याआधी रुग्णानं विचारावं: यात मला व्यायाम कोण शिकवणार, आणि घरी मी काय करायचं? याचं उत्तर मिळत नसेल तर पैसे वाचवावेत.

कमरदुखीचा खरा ताप म्हणजे ती पुन्हा येते. यावर हाती आलेला सगळ्यात स्वस्त उपाय २०२४ साली ऑस्ट्रेलियातूनच आला. नुकत्याच कमरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, हे लक्ष्य. न चालणाऱ्या गटातल्या निम्म्या लोकांना ११२ दिवसांत पुन्हा दुखणं आलं, चालणाऱ्या गटात हा काळ २०८ दिवसांवर गेला. आंबिवली स्थानकावर उतरून मोहोने, अटाळीकडे शेअर रिक्षा धरणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पाठीवर सॅकचे दोन्ही पट्टे, पायात मऊ तळव्याचे बूट आणि घरापर्यंत पायी, आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात केली तरी चालेल. पावसाळ्यात रस्ता उखडलेला असेल तेव्हा फलाटावरच दोन फेऱ्या माराव्यात. रिक्षाचालकांचा प्रश्न वेगळा आहे. दिवसभराचे हादरे आणि खड्डे हे कमरदुखीचं मान्य झालेलं कारण आहे. त्यांनी रांगेत नंबर येईपर्यंत आत बसून न राहता उतरून उभं राहावं, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावं.

दाखवायला जायचं कुठे, हाही प्रश्न असतोच. जवळ कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत, पुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. देशातलं फिजिओथेरपीचं शिक्षण ज्या संस्थांतून सुरू झालं त्यांत परळचं केईएम अगदी आघाडीवर होतं, आणि पोलिओच्या साथीनंतर तिथे उभा राहिलेला विभाग आजही चालतो. महालक्ष्मी स्थानकापासून जवळ, हाजी अलीला, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तिथे याच कामाचे डॉक्टर आणि थेरपिस्ट एका छताखाली मिळतात. रोज दादरला जाणाऱ्याला एखादा दिवस परळ गाठणं अवघड नाही.

शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवर येते. सायटिकावर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८३ रुग्ण होते. काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, काहींना थांबवून उपचार दिले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांना लागली नाही. आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. म्हणजे पायातली ताकद जात नसेल, तर थांबायचं की लगेच करायचं हे कळ किती सोसवते आणि काम किती अडतं यावर रुग्णानं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं. ते घाबरवून ठरवून घ्यायचं नसतं. नुसत्या कमरदुखीसाठी, पायात कळ नसताना, शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावंच. शीव रुग्णालयात आणि पुढे लीलावतीत मणक्याच्या शस्त्रक्रिया केलेले गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मराठी वाचकांसाठी मणक्यावर पुस्तकं लिहिली, आत्मचरित्राला ‘ताठ कणा’ नाव दिलं आणि स्वतः मॅरेथॉन धावले. आयुष्यभर पाठी उघडून पाहिलेला माणूस धावतो, हे कमरेला जपून जपून बसणाऱ्यांनी पाहण्यासारखं आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: दुखणं कधी आणि काय करताना सुरू झालं, ते पायात कुठपर्यंत जातं, कशानं वाढतं नि कशानं उतरतं, आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या. ताप, वजन, लघवी यांत काही फरक पडला असेल तर तो सगळ्यात वर लिहावा. जुने फोटो आणि अहवाल बरोबर ठेवावेत, पण डॉक्टरांनी आधी रुग्णाला झोपवून, पाय उचलून, पंजाची ताकद आणि गुडघ्याचा झटका तपासावा, अशी अपेक्षा धरायला संकोच करू नये.